रोपवाटिकेचा धंदा आणि मुळांभोवतीचे जिवाणू

जळगाव म्हटले की केळी व कापूस आणि धुळे म्हटले की मिरची व कांदा, असे समीकरण व्यापाऱ्यांच्या डोक्यात पक्के बसले आहे. टोमॅटोचा मान नाशिकच्या पिंपळगाव बसवंतकडे जातो. तथापि गेल्या काही वर्षांत खानदेशातही शेडनेटमधील रोपवाटिकांचा जोडधंदा चांगलाच रुजला आहे. अर्ध्या एकराच्या आत, घरच्या माणसांच्या बळावर होणारा हा धंदा आहे. भाजीपाल्याच्या व्यापारातील आमच्या अनेक वाचकांना, विशेषतः बागवान बांधवांना, तो परका नाही. म्हणून या अंकात आम्ही रोपवाटिकेतील एका उपयुक्त, परंतु दुकानदारांच्या तोंडी बरीच फुगवून सांगितल्या जाणाऱ्या गोष्टीचा विचार करणार आहोत. ती गोष्ट म्हणजे मित्रजिवाणू.

प्रथम नुकसानीचा हिशेब पाहू. पाच फूट बाय दीड फूट अंतराने लावल्यास एकरी सुमारे ५,८०० रोपे बसतात. ९८ कप्प्यांचे ६० ट्रे आणि नांग्या भरण्यासाठी पाचेक ट्रे जास्त, असा हा मामला आहे. संकरित टोमॅटोचे बियाणे दहा-दहा ग्रॅमच्या पाकिटांत मिळते व ते मोजून घ्यावे इतके महाग असते. उगवल्यानंतर पहिल्या दहा-बारा दिवसांत कोवळ्या रोपाचा देठ जमिनीलगत पाणचट होतो, रोप मान टाकते आणि कोलमडते. पिथियम, फायटोप्थोरा, रायझोक्टोनिया या बुरशी त्याच्या मुळाशी असतात. दहापैकी एक रोप असे गेले तरी एका एकरामागे सहाशे रोपे गेली. बियाण्याचे पैसे गेले ते गेलेच, पण खरा फटका तारखेचा असतो. शेतकऱ्याने ठिबक अंथरलेले असते, मल्चिंग पसरलेले असते, मजूर सांगितलेले असतात आणि रोपवाटिकेवाला म्हणतो, अजून पंचवीस दिवस थांबा. असे गिऱ्हाईक पुढल्या हंगामात परत येत नाही.

आता जिवाणूंकडे वळू. मुळाभोवतीच्या मातीच्या पातळ थराला शास्त्रज्ञ ‘रायझोस्फियर’ म्हणतात. हा शब्द १९०४ साली जर्मन शास्त्रज्ञ लॉरेन्झ हिल्टनर यांनी दिला. मुळातून साखर व आम्ले पाझरतात व त्यावर लक्षावधी जिवाणू जगतात. त्यांतील काही पिकाला मदत करतात हे कॅलिफोर्नियातील जोसेफ क्लोपर व मिल्टन श्रॉथ यांनी १९७८ साली ठळकपणे मांडले. १९८० मध्ये क्लोपर आणि सहकाऱ्यांनी या मदतीमागील एक गुपित दाखवून दिले. ते गुपित लोहाचे होते.

या लोहाच्या गोष्टीत खानदेशला विशेष रस असावा. आपल्या काळ्या, चुनखडीच्या जमिनीत लोह असते खरे, पण ते न विरघळणाऱ्या रूपात अडकलेले असते. स्युडोमोनाससारखे जिवाणू लोह पकडणारे रेणू सोडतात. त्यांना ‘सिडेरोफोर’, म्हणजे लोहवाहक, म्हणतात. थोडेसे उपलब्ध लोह हे जिवाणू आधीच उचलून घेतात व रोगकारक बुरशीची उपासमार होते. पंगतीला आधी बसलेल्याने वाढपच संपवावे तसा हा प्रकार! याच सिडेरोफोरवर आपल्या जळगावच्या विद्यापीठात मोलाचे काम झाले आहे. १९९० साली स्थापन झालेले उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ २०१८ पासून कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव धारण करते. तेथील जीवशास्त्र प्रशाळेचे प्रा. सुधीर चिंचोलकर यांनी या विषयात दीर्घ संशोधन केले आणि अजित वर्मा यांच्यासह संपादित केलेला त्यांचा ग्रंथ २००७ मध्ये आंतरराष्ट्रीय प्रकाशनसंस्थेकडून निघाला. जळगावच्या भाजीबाजारात ही गोष्ट किती जणांना ठाऊक आहे, असा प्रश्न आम्हाला पडतो.

याखेरीज हे जिवाणू बुरशीला मारक द्रव्ये सोडतात, मुळे फुटण्यास चालना देणारी संजीवके तयार करतात आणि रोपाची स्वतःची प्रतिकारशक्तीही जागी करतात. ॲझोटोबॅक्टर हवेतील नत्र थोड्याफार प्रमाणात स्थिर करतो. स्फुरद विरघळविणारे जिवाणू सेंद्रिय आम्लांच्या जोरावर अडकलेला स्फुरद मोकळा करतात. मात्र भरपूर चुनखडी असलेल्या शेतात ही आम्ले चुनखडीतच जिरून जातात. तेव्हा शेतातील स्फुरदाचा सगळा प्रश्न एका पाकिटाने सुटेल, असे कोणी सांगितल्यास विश्वास ठेवू नये.

रोपवाटिकेत मात्र परिस्थिती वेगळी असते, आणि हाच या लेखाचा गाभा आहे. शेतातील मातीत जुने, मुरलेले जिवाणू आधीच ठाण मांडून बसलेले असतात. बाहेरून आणलेल्या पाहुण्याला तेथे जागा मिळणे कठीण जाते. ट्रेमधील निर्जंतुक कोकोपीट म्हणजे जवळपास रिकामे घर. तेथे जो आधी शिरेल तो मालक. रोगाची बुरशी आधी शिरली तर ती, आणि मित्रजिवाणू आधी शिरला तर तो. शिवाय ट्रेमधील मुळांवर वसलेला जिवाणू रोपाबरोबरच शेतात जातो. एकरभर जमिनीवर औषध ओतण्यापेक्षा पाऊणशे किलो कोकोपीटमध्ये ते मिसळणे कितीतरी स्वस्त पडते.

प्रमाणासाठी तामिळनाडू कृषी विद्यापीठाची शिफारस सोयीची आहे. ३०० किलो निर्जंतुक कोकोपीटला ५ किलो निंबोळी पेंड आणि नत्र व स्फुरदाची जिवाणू खते प्रत्येकी १ किलो. एका ट्रेला सुमारे सव्वा किलो कोकोपीट लागते. म्हणजे आपल्या एकराच्या हिशेबात ७५ ते ८० किलो कोकोपीट, सव्वा किलो पेंड व २५० ग्रॅमचे एकेक पाकीट. नत्रासाठी आपल्याकडे ॲझोटोबॅक्टर सहज मिळतो. रोग रोखण्यासाठी स्युडोमोनास फ्लुरोसन्स किंवा बॅसिलस सबटिलिस यांपैकी एक, पाकिटावरील प्रमाणानेच, त्यात मिसळावे. थोडे चांगले कुजलेले गांडूळखतही घालावे, कारण नुसत्या कोकोपीटमध्ये जिवाणूंना खायला फारसे काही नसते. मिश्रण ओलसर करून सावलीत झाकून ठेवावे व दोन-तीन दिवसांनी ट्रे भरावेत.

बियाण्यालाही किलोला १० ग्रॅम या प्रमाणात स्युडोमोनास चोळता येते. वीस ग्रॅम बियाण्याला ते चिमटीभरही होत नाही. परंतु संकरित बियाणे बहुधा रंगीत बुरशीनाशक लावूनच येते. त्यावर जिवाणू चोळणे म्हणजे त्यांना विषाच्या अंथरुणावर निजविणे होय. अशा वेळी कोकोपीटमध्ये मिसळणेच बरे.

पाण्याकडे कोणी लक्ष देत नाही. नळाच्या पाण्यातील क्लोरीन जिवाणू मारते, म्हणून ते उघड्या टाकीत रात्रभर ठेवून मग वापरावे. तांब्याची बुरशीनाशके किंवा प्रतिजैविके यांच्याबरोबर एकाच पंपात जिवाणू कधीही मिसळू नयेत. आणि सर्वांत मोठा शत्रू म्हणजे जास्त पाणी. सकाळ-संध्याकाळ ट्रे चिंब करणाऱ्या माणसाच्या रोपवाटिकेत कोणताही जिवाणू पिथियमला हरवू शकत नाही.

आता खरेदीविषयी. जिवाणू हा जिवंत माल आहे. खत किंवा सिमेंटसारखा तो पोत्यात पडून राहत नाही, मरतो. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. पत्र्याच्या छपराखालच्या दुकानात ठेवलेल्या पाकिटात जूनमध्ये केवळ दगडी कोळशाची भुकटी शिल्लक राहिली तर नवल नाही, आणि गिऱ्हाइकाला डोळ्यांनी काहीच कळत नाही. पाकीट तेवढेच, रंग तोच, किंमतही तीच. म्हणून पाकिटावरील जिवाणूचे नाव, उत्पादनाची व मुदतीची तारीख आणि जिवाणूंची संख्या वाचूनच घ्यावे. जिवाणू खते २००६ पासून खत नियंत्रण आदेशाखाली आहेत. भुकटीतील खतात दर ग्रॅमला किमान ५ कोटी व द्रवरूपात दर मिलिलिटरला किमान १० कोटी जिवंत पेशी असाव्यात, असे मानक आहे. स्युडोमोनाससारखी रोगनाशके मात्र कीटकनाशक कायद्याखाली येतात व त्यांवर नोंदणी क्रमांक असावा लागतो. आमचे झुकते माप बॅसिलसला आहे, कारण तो बीजाणू तयार करतो व उष्णतेत तग धरतो. स्युडोमोनास गुणी आहे पण नाजूक आहे, आणि खानदेशचा उन्हाळा नाजुकांचा नव्हे. माल आणि सल्ला कृषी विद्यापीठाच्या केंद्रातून घेणे उत्तम. जळगावला ममुराबादचे व रावेर तालुक्यात पालचे कृषी विज्ञान केंद्र आहे, धुळ्याला कृषी महाविद्यालयाच्या आवारातील केंद्र आहे.

जिवाणू काय करीत नाहीत, हेही सांगणे आवश्यक आहे. पाने आक्रसविणारा विषाणू पांढरी माशी आणते. तिला अडवायला बारीक छिद्रांची कीटकरोधक जाळीच लागते. रोपवाटिकेवाल्याने जाळीचे पैसे वाचवून जिवाणूंची पाकिटे आणली, तर त्याचा हिशेब उलटा झाला असे आम्ही म्हणू.

जो कोणी हे करून पाहणार असेल त्याने सगळे ट्रे एकदम जिवाणूंचे करू नयेत. दहा ट्रे जिवाणूंसह, दहा विनाजिवाणू, बियाणे, पाणी व जागा एकच. बाराव्या दिवशी कोलमडलेली रोपे मोजावीत. पंचविसाव्या दिवशी प्रत्येकी पाच रोपे उपटून मुळे धुऊन शेजारी ठेवावीत. कप्प्याच्या आकाराचा पांढऱ्या मुळांचा गच्च गोळा निघाला तर पाकिटाचे पैसे वसूल झाले. फरकच दिसला नाही तर माल मेलेला होता किंवा आपल्याकडे रोगच नव्हता, आणि दोन्ही गोष्टी कळणे फायद्याचेच आहे. ही वही जपून ठेवावी. रोप घ्यायला येणाऱ्या शेतकऱ्याला तोंडी हमीपेक्षा ती दाखविणे अधिक पटते. हीच रीत मिरचीला आणि जळगावच्या भरताच्या वांग्यालाही लागू पडते, कारण तिन्ही पिके एकाच कुळातील आहेत.

भांडवलाची अडचण असणाऱ्यांसाठी राज्य शासनाने २०२० साली पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांच्या नावाने भाजीपाला रोपवाटिका योजना सुरू केली. तीत शेडनेट, पॉलिटनेल, प्लॅस्टिक क्रेट इत्यादींवर निम्मे अनुदान ठरविले होते. यंदा तालुक्याला किती उद्दिष्ट आहे व कोणती कागदपत्रे लागतात, हे तालुका कृषी अधिकारी कार्यालयात विचारूनच सांगाड्याचे पाइप विकत घ्यावेत.