‘भाव सांगा!’ : आपोआप उत्तर देणारा आंबेवाला

सबमिशनच्या आदल्या रात्री जागणारे आपण सगळेच. आमच्या खोलीत मात्र एप्रिल महिन्यात जागरणाचं कारण वेगळं असतं. माझा रूममेट रत्नागिरीकडचा. घरची हापूसची बाग आहे, पण कलमं थोडीच. पूर्वी सगळा माल वाशीच्या मार्केटला जायचा, आणि भाव काय मिळाला ते पट्टी हातात पडल्यावरच कळायचं. मग यानं इन्स्टाग्रामवर खातं काढलं, बागेचे फोटो टाकले आणि पुण्या-मुंबईची माणसं थेट पेट्या मागवू लागली. याची कॉलेजची फी त्याच पैशातून भरली जाते. म्हणजे हा काही टाइमपास नव्हे!

अडचण एकच. फोटोखाली कॉमेंट येते, ‘भाव सांगा’. ती रात्री दोनला येते, प्रॅक्टिकल चालू असताना येते, मेसमध्ये हात वरणभातात असताना येते. उत्तराला दोन-चार तास उशीर झाला की गिऱ्हाईक दुसऱ्या आंबेवाल्याकडे गेलेलं असतं. तेव्हा कॉमेंट आली की आपोआप मेसेज जावा, पेटी, गाव, पत्ता विचारावा, अशी व्यवस्था करायची ठरली. ती कशी केली आणि कुठे तोंडावर आपटलो, ते सांगण्यासाठी हा लेख.

पहिल्या वर्षी आपटलोच. कुणीतरी सुचवलेलं एक स्वस्तातलं सॉफ्टवेअर घेतलं. त्याला खात्याचं नाव आणि पासवर्ड द्यायचा. मग ते आपल्या वतीनं लॉगिन करून दुसऱ्या आंबेवाल्यांच्या फॉलोअर्सना धडाधड मेसेज पाठवायचं. दोन दिवस आम्ही खूश! तिसऱ्या दिवशी खातं बंद, तेही ऐन हंगामात. पैसे भरलेल्या लोकांचे पत्ते त्या मेसेजेसमध्येच अडकले. बँकेच्या नोंदींतली नावं शोधून, ओळखीपाळखीतून एकेकाचा नंबर काढण्यात आठवडा गेला. तोवर अढीतले आंबे काही थांबत नव्हते.

न मागता पाठवलेल्या जाहिरातीची ही खोड तशी जुनी आहे. मे १९७८ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या गॅरी थुअर्क यांनी अर्पानेटवरच्या सुमारे ४०० जणांना नव्या संगणकाची जाहिरात एकदम पाठवली होती. तेव्हाही लोक भडकले होते.

आता सरळ मार्ग. इन्स्टाग्राम चालवणाऱ्या मेटा कंपनीनं मेसेज पाठवण्या-घेण्यासाठीचा अधिकृत एपीआय २०२१ मध्ये सर्व डेव्हलपर्सना खुला केला. त्यात पासवर्ड कुणालाही द्यावा लागत नाही. खातं ‘प्रोफेशनल’ प्रकारचं करायचं, डेव्हलपर साइटवर एक ॲप नोंदवायचं आणि त्या ॲपला टोकन मिळतं. पूर्वी यासाठी फेसबुक पेजही जोडावं लागे. २०२४ पासून थेट इन्स्टाग्राम लॉगिननं काम होतं.

पण या मार्गाचा मूळ नियम नीट समजून घ्या, कारण सगळी आखणी त्यावरच उभी आहे. तुम्ही अनोळखी माणसाला आपणहून पहिला मेसेज पाठवू शकत नाही. आधी त्यानं काहीतरी केलं पाहिजे. त्यानं मेसेज पाठवला तर त्या क्षणापासून २४ तास तुमचा प्रोग्राम त्याच्याशी बोलू शकतो, आणि त्याच्या प्रत्येक नव्या मेसेजनं घड्याळ पुन्हा शून्यापासून सुरू होतं. नुसती कॉमेंट केली असेल तर सात दिवसांच्या आत त्याला खासगीत एकच मेसेज जातो. एकच! त्यानं उत्तर दिलं तर २४ तासांची खिडकी उघडते, नाही दिलं तर विषय संपला.

म्हणून त्या एका मेसेजवर आम्ही सगळ्यात जास्त डोकं घातलं. पहिल्या मसुद्यात बागेचा इतिहास, जीआय मानांकन (हापूसला ते २०१८ मध्ये मिळालं), सगळे भाव, बँक खातं, सगळं कोंबलं होतं. तो गेलाच नाही. एरर! कारण शोधताना कळलं की मेसेजची मर्यादा १००० बाइटची आहे, अक्षरांची नव्हे. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा-हलन्तासकट, तीन बाइट खातं. ‘रत्नागिरी’ रोमन लिपीत लिहिलं तर नऊ बाइट, देवनागरीत सत्तावीस. म्हणजे मराठी मेसेजला जेमतेम ३३३ चिन्हं मिळतात. शेवटी मेसेज असा झाला: ‘नमस्कार, हे आपोआप जाणारं उत्तर आहे. पेटी कुठे पाठवायची? फक्त पिनकोड कळवा, त्या भागाचा भाव लगेच सांगतो.’ सहा आकडे टाइप करायला कुणाला जड जात नाही. आधी आम्ही पूर्ण पत्ता मागायचो, तिथेच लोक गळायचे.

आता आतलं यंत्र. कॉमेंट आलीय हे आपल्या प्रोग्रामला कसं कळतं? एक पद्धत म्हणजे दर मिनिटाला सर्व्हरला जाऊन विचारणं. पाहुणे आलेत का हे बघायला दर पाच मिनिटांनी चार मजले उतरून गेटवर जाण्यासारखं ते आहे. दुसरी पद्धत वॉचमनला सांगून ठेवायची: कुणी आलं की हाक मार. याला वेबहुक म्हणतात. आपण आपल्या सर्व्हरचा पत्ता देऊन ठेवायचा, घटना घडली की मेटाचा सर्व्हर तिथे निरोप पाठवतो. पत्ता एचटीटीपीएसचाच लागतो. हॉस्टेलच्या नेटवर्कमधल्या लॅपटॉपला बाहेरून कुणी हाक मारू शकत नाही, त्यामुळे एखादा छोटा क्लाउड सर्व्हर घ्या किंवा चाचणीपुरता टनेल वापरा. नोंदणीच्या वेळी मेटा एक ‘चॅलेंज’ पाठवतं, ते जसंच्या तसं परत करायचं. पुढे येणाऱ्या प्रत्येक निरोपावर सही असते, ॲपच्या गुप्त किल्लीनं काढलेला एसएचए-२५६ हॅश. ती तपासल्याशिवाय निरोप खरा मानू नका, नाहीतर शेजारच्या खोलीतले टारगट खोट्या ऑर्डरी टाकतील. (टाकल्या होत्या.)

निरोप आला की आधी ‘२००, मिळालं’ म्हणून मोकळं व्हायचं, मग काम करायचं. आम्ही आधी डेटाबेस उघडायचो, भाव काढायचो, मेसेज पाठवायचो आणि मग २०० द्यायचो. तिकडे वाटायचं निरोप पोचला नाही, म्हणून तोच पुन्हा यायचा, आणि एका गिऱ्हाइकाला तीनदा भाव जायचा. उपाय सोपा आहे. प्रत्येक मेसेजला आयडी असतो, तो टेबलमध्ये युनिक की म्हणून टाका. आधीच असेल तर गप्प बसा.

दुसरी गंमत चाचणीच्या रात्री झाली. आपण पाठवलेल्या मेसेजचीही सूचना वेबहुकवर परत येते, तिला ‘एको’ म्हणतात. आम्ही ती वेगळी काढली नव्हती. प्रोग्रामनं स्वतःचाच ‘नमस्कार’ वाचला आणि स्वतःलाच उत्तर दिलं. ते उत्तर वाचून पुन्हा उत्तर... माझ्या फोनवर नमस्कारांचा पाऊस पडत होता! नशीब, टेस्ट खातं होतं.

पण सगळ्यात छळलं ते मराठीनं. लोक भाव विचारतात कसा? ‘भाव’, ‘किती’, ‘रेट’, ‘प्राइस’, आणि हेच रोमन लिपीत चार-पाच स्पेलिंगांनी. यादी केली, शब्द सापडला की भाव पाठव. पहिल्याच दिवशी वर्गमित्रानं कॉमेंट टाकली, ‘भावा, लय भारी!’ आणि त्याला भावपत्रक गेलं. ‘भावा’मध्ये ‘भाव’ आहेच की! मग रेग्युलर एक्स्प्रेशनमधली शब्दाची सीमा सांगणारी खूण लावली. तरी तेच. पायथनच्या नेहमीच्या मॉड्यूलला काना-मात्रा हे ‘अक्षर’ वाटतच नाहीत, त्यामुळे ‘व’ आणि त्याचा काना यांच्यामध्येच त्याला शब्दाची सीमा दिसते. पाठ्यपुस्तकातली उदाहरणं इंग्रजी असतात, म्हणून हे शिकवलं जात नाही. शेवटी वाक्य मोकळ्या जागेवर आणि विरामचिन्हांवर तोडलं, आणि आख्खा शब्द जुळला तरच पुढे जायचं ठरवलं.

प्रत्यक्ष हंगामासाठी मात्र आम्ही स्वतःचा प्रोग्राम वापरला नाही, हे कबूल करतो. बाहेरच्या लोकांच्या कॉमेंट्स वाचायला ॲपला मेटाकडून जादा परवानगी लागते. त्यासाठी अर्ज, व्यवसायाची कागदपत्रं आणि वापर दाखवणारा स्क्रीनचा व्हिडिओ द्यावा लागतो. आंबे मोहोरात असताना हे सुरू केलं तरच जमेल. म्हणून अधिकृत एपीआयवर चालणारी एक तयार सेवा घेतली आणि आमचं तर्कशास्त्र तिच्यात बसवलं. माझं मत विचाराल तर, शिकण्यासाठी स्वतः लिहा, पोटासाठी तयार घ्या.

पत्ते आणि फोन नंबर हंगाम संपल्यावर पुसून टाकायचे, आणि पुढच्या वर्षी कळवू का हे आधीच विचारून ‘हो’ म्हणणाऱ्यांचीच यादी ठेवायची, असं ठरवलंय. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेले त्याचे नियम हेच सांगतात. ‘नंबर आहेच हाताशी’ हे कारण त्यात चालत नाही.

एक प्रसंग सांगायचा राहिला. मे महिन्यात एका काकूंचा मेसेज आला, ‘ह्यांना परवा देवाज्ञा झाली. पेटी नको.’ प्रोग्रामला फक्त ‘पेटी’ दिसली. त्यानं तत्परतेनं विचारलं, ‘वा! चार डझनाची की पाच डझनाची?’ रूममेट तेव्हा लॅबमध्ये होता. संध्याकाळी त्यानं पाहिलं आणि बराच वेळ फोन हातात धरून नुसता बसला. मग काकूंना फोन लावला. काय बोलला माहीत नाही, गॅलरीत जाऊन बोलला. आगाऊ घेतलेले पैसे त्याच रात्री परत केले.

त्या रात्री आम्ही प्रोग्रामची दिशाच उलटी केली. आधी काही कळलं नाही की तो अंदाजानं उत्तर द्यायचा. आता ‘नको’, ‘रद्द’, ‘खराब’, ‘सडका’ असा शब्द दिसला, किंवा वाक्य चार-पाच शब्दांपेक्षा लांब असलं, की तो गप्प बसतो आणि रूममेटचा फोन वाजतो. तिथून पुढे माणूसच बोलतो. माणसानं स्वतः उत्तर द्यायचं असेल तर मेटाकडून वेगळी परवानगी घेऊन २४ तासांऐवजी सात दिवसांची मुदत मिळते, तीही घेऊन ठेवलीय. फोन आता जास्त वाजतो, झोपमोड होते. पण त्याची तक्रार नाही.

कुणाला कोड बघायचा असेल तर रात्री जेवणानंतर आमच्या खोलीवर या. मार्चच्या आत आलात तर बरं, नंतर आलात तर पेट्या बांधायला बसवू!