आधी विंडो बघ, मग बटण दाब

काल फोनवर तुझा रडवेला आवाज ऐकला आणि रात्री मला झोपच लागेना. नेप्तीच्या कांदा मार्केटात अडतीवर नोकरी लागून आठ दिवस झाले नाहीत, आणि तू म्हणतेस, "ताई, हे मला जमायचं नाही." का, तर कुणीतरी शंभर शॉर्टकटचा कागद हातात दिलाय आणि तो पाठ होत नाही. तो कागद आधी घडी घालून ड्रॉवरमध्ये ठेव बघू. मराठी ३० आणि इंग्रजी ४० च्या टायपिंगच्या परीक्षा दिल्यास ना तू? तेव्हा तरी अक्षरं कुठे पाठ केली होतीस? ती बोटांत बसली. हेही तसंच बसेल.

खरं सांगू का, घोळ शॉर्टकटचा नसतोच गं. समोर कोणती विंडो आहे हे न बघता बटण दाबलं की घोळ होतो. आता एफ टूच घे. हिशेबाच्या टॅलीत ते दाबलं की तारीख बदलायला मिळते. एक्सेलमध्ये दाबलं की कर्सर सेलच्या आत जातो आणि आकडा दुरुस्त करता येतो. फोल्डरमध्ये फाइल निवडून दाबलंस तर नाव बदलता येतं. 'काकू' अशी हाक मारली, तर ज्या घरात उभी आहेस तिथलीच काकू ओ देणार ना, तसं आहे हे.

कंट्रोल ए ने तर मला रडवलंय. टॅलीत त्याने व्हाउचर सेव्ह होतं, आणि दिवसभर तेच दाबून हाताला सवय लागलेली. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका संध्याकाळी वर्डमध्ये दोन पानी पत्र टाइप केलं आणि सेव्ह करायचं म्हणून कंट्रोल ए, मग एंटर. वर्डमध्ये कंट्रोल ए म्हणजे सगळं सिलेक्ट, आणि त्यावर एंटर म्हणजे सगळं साफ. मी इतकी घाबरले की विंडो बंद केली, आणि वर्डने 'सेव्ह करू का' विचारल्यावर 'हो' म्हटलं! तेव्हा नुसतं कंट्रोल झेड दाबलं असतं तर अख्खं पत्र परत आलं असतं. म्हणून सांगते, काही विचित्र झालं की हात कीबोर्डवरून उचल, एक श्वास घे, मग कंट्रोल झेड. पण बघ, टॅलीत आल्ट डी ने उडवलेलं व्हाउचर तसं परत येत नाही. तिथे 'डिलीट करू का' असं विचारतं, तो प्रश्न वाचल्याशिवाय एंटर मारायचं नाही. शेतकऱ्याच्या घामाचे पैसे असतात त्यात.

या आठवड्यात मोजकंच घे. शेतकऱ्याला पैसे दिले की पेमेंटसाठी एफ फाइव्ह, व्यापाऱ्याकडून आले की रिसीटसाठी एफ सिक्स. लॅपटॉपवर एफ टू दाबून तारखेऐवजी आवाज नाहीतर उजेड कमी-जास्त झाला तर बिघडलं समजू नकोस. एफएन बटण धरून पुन्हा दाब. आणि आल्ट टॅब नक्की शीक. शेतकऱ्याची हिशेबपट्टी एक्सेलमध्ये आणि नोंद टॅलीत, अशी तुझी दिवसभर ये-जा असणार. आल्ट धरून ठेव, टॅब दाबत जा, हवी ती विंडो आली की सोड. सोडल्यावर वरचं नाव वाच, मगच आकडा टाक. हमालीचा आकडा तोलाईच्या रकान्यात जाण्यापेक्षा तेवढा क्षण गेलेला बरा.

बाकीचं विसरलीस तरी चालतं, कारण विंडो स्वतःच सांगते. एक्सेलमध्ये नुसतं आल्ट दाबून सोड, वरच्या पट्टीवर अक्षरं उमटतात; ती बघून दाबायची. टॅलीच्या मेनूत प्रत्येक ओळीतलं एक अक्षर वेगळं उठून दिसतं, तेच त्याचं बटण. मी अजूनही कितीतरी ठिकाणी असंच बघून दाबते, आणि माझं काम कधी अडलेलं नाही.

आणि हो, डबा खायला उठशील तेव्हा विंडोजचं बटण धरून एल दाब, स्क्रीनला कुलूप लागतं. लिलावाच्या दिवशी गर्दी असते, कुणाचाही हात कीबोर्डवर पडतो. परत आलीस की पासवर्ड टाक, समोर कोणती विंडो आहे ते बघ, आणि संध्याकाळी मला फोन कर.