‘ब्रो’ला मराठीत काय म्हणावे?

भाषांतराच्या तासाला मी दरवर्षी एखादे असे संबोधन फळ्यावर लिहिते, ज्याचा अर्थ कोशात सापडतो, पण मराठीतली जागा सापडत नाही. यंदा ‘ब्रो’ लिहिले. वर्गात हशा पिकला. मागच्या बाकांवर हा शब्द दिवसातून पन्नास वेळा उच्चारला जातो. इथे ‘ब्रो’ म्हणजे येशू ख्रिस्त आणि हाक मारणारा एक लहान मुलगा आहे, असे सांगितले तेव्हा हशा थांबला.

हे संबोधन ‘माय बुकास पा’ या फिलिपिनो मालिकेतले. टागालोग भाषेत या नावाचा अर्थ ‘अजून उद्या आहे’. एबीएस-सीबीएन वाहिनीवर ती फेब्रुवारी २००९ ते फेब्रुवारी २०१० असे वर्षभर चालली. बागोंग पाग-आसा (म्हणजे ‘नवी आशा’) हे कल्पित गाव. तिथल्या चर्चमधल्या पाद्र्यांनी वाढवलेला अनाथ सांतिनो क्रूसावरच्या ख्रिस्ताशी बोलतो, त्याला ‘ब्रो’ म्हणतो आणि त्याच्या स्पर्शाने आजारी माणसे बरी होतात. ही भूमिका करणारा झायजियन हारानिल्या मालिका सुरू झाली तेव्हा सात वर्षांचा होता.

कथेचे मूळ स्पेनमध्ये आहे. होसे मारिया सांचेझ-सिल्वा यांची मार्सेलिनोची गोष्ट १९५३ साली प्रसिद्ध झाली आणि १९५५ साली लादिस्लाओ वायदा यांनी तिच्यावर चित्रपट केला. मठातला पोरका मार्सेलिनो माळ्यावरच्या क्रूसापाशी चोरून पाव नेतो, लाकडी ख्रिस्त हात पुढे करून तो घेतो. शेवटी मुलगा आपल्या आईला भेटायचे मागतो आणि ते मागणे त्याच्या मृत्यूने पुरे होते. मराठी वाचकाला इथे नामदेव आठवल्याशिवाय राहणार नाही. दामाशेटींनी नैवेद्य घेऊन धाडलेला पोर ‘देवा, जेव’ म्हणून हटून बसतो आणि विठ्ठलाला जेवावे लागते. दोन्ही कथांत मोठ्यांना जे प्रतीक वाटते ते मूल शब्दशः घेते. देव आहे, तर त्याला भूक लागणारच. श्रद्धेचे याहून सरळ तर्कशास्त्र मला माहीत नाही.

फिलिपिन्समध्ये ही गोष्ट परकी वाटली नाही, यामागे मोठा इतिहास आहे. १५२१ साली मॅगेलन सेबू बेटावर उतरला, तेव्हा तिथल्या राणीला बाप्तिस्म्याच्या वेळी बाल येशूची मूर्ती देण्यात आली. ‘सांतो निन्यो’ म्हणून ती आजही पूजली जाते. म्हणजे त्या देशात ख्रिस्ती देव प्रथम आला तो मुलाच्या रूपात. आम्हा गोव्याच्या लोकांना हे समजावून सांगावे लागत नाही. कोलव्याच्या मेनिन जेजूच्या फामेला गर्दी करणारे काही एकाच धर्माचे नसतात.

मालिका म्हणून पाहिले तर माझी एक तक्रार आहे. चित्रपटातला चमत्कार एकदा घडतो आणि त्याची किंमत मुलाच्या प्राणाने मोजली जाते. रोजच्या मालिकेला ते परवडत नाही. तिला दर आठवड्याला नवा रुग्ण, नवा पापी, नवा पश्चात्ताप लागतो. चमत्कार रतिबासारखा येऊ लागला की मूल हे मोठ्यांच्या दुखण्यावरचे औषध होऊन बसते; त्याला स्वतःला काय हवे, हे विचारायला कथेला सवड राहत नाही. आपल्याकडच्या मालिकांतली मुलेही पुष्कळदा मोठ्यांची वाक्येच बोलतात, तेव्हा हा दोष दूरचा समजू नये. तरीही सांतिनो लक्षात राहतो, आणि माझ्या मते तो राहतो चमत्कारांपेक्षा त्या एका हाकेमुळे.

ती हाक नीट पाहू. टागालोगमध्ये आदर दाखवण्याच्या सोयी भरपूर आहेत. वडीलधाऱ्यांशी बोलताना वाक्यात ‘पो’ हा शब्द घालतात, किंवा आपल्या ‘तुम्ही’सारखे अनेकवचन वापरतात. थोरल्या भावाला ‘कुया’ म्हणतात. देवाला भाऊच म्हणायचे, तर ‘कुया’ हाताशी होता. तो न घेता लेखकांनी रस्त्यावरचा, बरोबरीचा, इंग्रजीतून आलेला आणि तोडून आखूड केलेला शब्द घेतला. त्याला दुसरीही एक छटा आहे: प्रार्थनामंडळांत एकमेकांना ‘ब्रदर’ म्हणण्याची रीत तिथे आहे. एकाच शब्दात गल्ली आणि चर्च दोन्ही आली.

आता मराठी. वर्गातून ‘दादा’ आले. मी नाकारले, कारण दादा म्हणजे ‘कुया’. ‘भाऊ’ आले, ते विदर्भात बरोबर बसेल, आमच्याकडे पुढाऱ्याचे वाटेल. ‘मित्रा’ पुस्तकी, ‘गड्या’ शेतातले. एका विद्यार्थिनीने भीतभीत विचारले, “बाई, जनाबाई देवाला ‘विठ्या’ म्हणते, ते चालेल का?” शब्द चालणार नाही, पण प्रश्न फार मोलाचा होता. ‘ब्रो’ ऐकून आपण दचकतो खरे. मात्र मराठी भक्तीने याहून कितीतरी सलगी शतकांपूर्वी केलेली आहे. फादर स्टीफन्स यांच्या १६१६ सालच्या ख्रिस्तपुराणातही आरंभीच्या नमनात देवाला ‘बापा’ अशी घरगुती हाक आहे. आपल्या परंपरेत देव मुख्यतः आई किंवा बाप होतो. आईला अरेतुरे करता येते, म्हणून देवालाही करता येते. भावाच्या नात्याने, बरोबरीने केलेली हाक आपल्याकडे तितकी रुळलेली नाही. अडचण शब्दाची कमी आणि नात्याची अधिक आहे.

दोन तास घासाघीस झाल्यावर आम्ही ‘ब्रो’ तसाच ठेवला आणि सारे काम क्रियापदांवर सोपवले. नमुन्यासाठी वर्गाने स्वतःच एक प्रसंग रचला. मुलगा पाद्र्याला म्हणतो, “फादर, तुम्ही जेवलात?” आणि मागे वळून क्रूसाकडे पाहत, “ब्रो, तू जेवलास?” ‘तुम्ही’ आणि ‘तू’ यांच्यामध्ये एवढे अंतर असूनही दुसऱ्या वाक्यात अनादर कुणालाच जाणवला नाही. एकाने सुचवले, दुसऱ्या वाक्याला ‘का रे’ जोडावे: “ब्रो, जेवलास का रे?” यावर वर्गाचे दोन तट पडले. ‘रे’मुळे माया येते की लाडीकपणा येतो, यावर घंटा होईपर्यंत वाद चालला आणि मीही निकाल दिला नाही. वहीत मात्र मी ते वाक्य ‘रे’सकट उतरवून घेतले आहे.