जुने टॅग, नवी पानं

शिरूर-दौंड भागातल्या शाळा, पतसंस्था, ग्रामपंचायतींची टायपिंगची आणि वेबपानांची कामं करताना पटलेल्या या गोष्टी.

१. रूप बदललं तरी रकाना टिकतो. सातबारा म्हणजे गाव नमुना ७ आणि १२. हातानं लिहिलेला उतारा गेला, डिजिटल सहीचा आला. २०२० मध्ये त्यावर गावाचा कोडही छापला जाऊ लागला. २०२१ पासून शेतकरी मोबाइलवरून ई-पीक पाहणी करतो, पण ती नोंद जाते नमुना बारामध्येच. म्हणून न्हावऱ्यातला माणूस आजोबांचा उतारा आणि आजचा उतारा शेजारी ठेवून वाचू शकतो. भोगवटादार, क्षेत्र, इतर हक्क यांच्या जागा त्याला ठाऊक असतात.

२. वेबपानांच्या एचटीएमएल भाषेचंही तसंच. १९९९ च्या ४.०१ मधले मथळा, परिच्छेद, तक्ता यांचे टॅग २०१४ च्या एचटीएमएल ५ मध्येही आहेत. बाद झाले ते ‘फॉन्ट’, ‘सेंटर’सारखे नुसत्या सजावटीचे. जुनं पान हाती आलं की मी तक्ते राखतो आणि सजावट सीएसएसमध्ये नेतो. सगळं पुसून नव्यानं लिहिण्याचा आग्रह मला उधळपट्टी वाटतो.

३. कडक शिस्तीला नावं ठेवू नयेत. २००० च्या एक्सएचटीएमएलमध्ये प्रत्येक टॅग बंद करावा लागे, म्हणून लोक कंटाळले. पण ईपब पुस्तकं आजही त्याच शिस्तीनं बनतात. शाळेची स्मरणिका ई-पुस्तक म्हणून काढायची असेल, तर ती सवय कामी येते.

४. जुन्या डीटीपी फॉन्टबद्दल मात्र मी हट्टी आहे. त्यांत ‘क’ इंग्रजी अक्षराच्या जागी बसवलेला असतो. फॉन्ट नसला की सगळा मजकूर गिचमिड. लग्नपत्रिका छापून मोकळं व्हायचं असेल तर ठीक, पण सभेचं इतिवृत्त त्यात ठेवू नका. पतसंस्थेत वीस वर्षांनी एखादा सभासद ठराव मागतो, तेव्हा शोधूनही नाव सापडत नाही. आजच युनिकोडमध्ये न्या, मूळ फाइल आणि छापील प्रत जपा, आणि रूपांतर झाल्यावर जोडाक्षरं, विशेषतः ‘ऱ्या’, डोळ्यांनी तपासा.

५. वर्डच्या डॉकएक्स फाइलची प्रत काढून तिच्या नावाचं शेपूट बदलून ‘झिप’ करा आणि उघडा. आत जुनीच टॅगांची भाषा, १९९८ चं एक्सएमएल, दिसेल. ते निघालं १९८६ च्या एसजीएमएलमधून. कामाला नवा मुलगा आला की मी त्याला आधी हे करायला लावतो, टायपिंग नंतर.