जड लॅपटॉप, हलका संगणक आणि आमच्या जुन्या फायली



२०२५ च्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही आमचा लॅपटॉप बदलला. मुख्याध्यापकाने संगणक बदलला ही काही वार्तापत्रात छापण्याजोगी बातमी नव्हे. पण त्यानंतर झालेल्या नववीच्या पालकसभेत एका पालकांनी उभे राहून विचारले, "सर, मुलीला लॅपटॉप घ्यायचा आहे, पन्नास हजारांचा घ्यावा लागेल असे दुकानदार म्हणतो. हप्ते बांधू का?" आम्ही त्यांना म्हटले, आठ दिवस थांबा. त्या आठ दिवसांत त्यांना जे सांगितले, तेच थोडे विस्ताराने येथे लिहीत आहोत. विश्वस्त मंडळापुढेही संगणक कक्षाचा प्रश्न आहे, तेव्हा त्यांनाही उपयोगी पडावे.

आमचा जुना लॅपटॉप २०१४ चा. शाळेसमोरच्या किराणा दुकानातील काट्यावर तोलला तेव्हा चार्जरसकट २ किलो ९०० ग्रॅम भरला. बिजागरी तुटलेली, बॅटरी नावापुरती. सुरू व्हायला इतका वेळ लागे की तेवढ्यात एक कप चहा पिऊन होई. तरी काम चालले होते. मग १४ ऑक्टोबर २०२५ ही तारीख आली. त्या दिवशी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ला सर्वसाधारण आधार देणे बंद केले. याचा अर्थ संगणक बंद पडला असा नाही. तो सुरूच राहतो, पण सुरक्षेतील नवी छिद्रे बुजवणारी दुरुस्ती येईनाशी होते. घरगुती ग्राहकांना नोंदणी केल्यास आणखी एक वर्ष सुरक्षेची दुरुस्ती देण्याची सोय कंपनीने ठेवली होती. विंडोज ११ घालावे म्हटले तर त्याला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची व्यवस्था आणि त्यामानाने नवा प्रोसेसर लागतो. आमच्या म्हाताऱ्याकडे दोन्ही नाही.

आम्ही आरएनटी मार्गावर चौकशीला निघालो तेव्हा आमचा एक जुना विद्यार्थी भेटला. तो आता संगणक दुरुस्तीचेच काम करतो. म्हणाला, "सर, तुम्ही करता काय, तर टाइपच. मग एवढा ट्रक कशाला घेऊन राहिले?" विद्यार्थ्याने गुरुजींना असा प्रश्न विचारावा आणि गुरुजींजवळ उत्तर नसावे, हे जरा लागले. पण प्रश्न बरोबर होता.

घरी येऊन आम्ही एक वही घेतली आणि आठ दिवस लॅपटॉपवर जे जे उघडले ते लिहून काढले. पत्रे आणि सूचना, निकालाचे तक्ते, ई-मेल, वर्तमानपत्र, बँक, बोर्डाची संकेतस्थळे, आणि रात्री थोडे शास्त्रीय गायन. (पालकांनी खरेदीआधी मुलांकडून अशी वही जरूर भरून घ्यावी. त्यात गेम किती वेळा येतो तेही कळेल.) यातली बहुतेक कामे इंटरनेटच्या ब्राउझरमध्येच होतात. खास विंडोजच लागेल अशी दोनच निघाली: आमच्या वार्तापत्राची पाने लावण्याचा जुना प्रोग्राम आणि टॅली. टॅली तर आम्ही उघडतही नाही, ते कार्यालयातल्या बाबूंचे काम. म्हणून आम्ही क्रोमबुक घेतले.

क्रोमबुक म्हणजे काय, हे विद्यार्थ्यांनी नीट समजून घ्यावे. नेहमीच्या लॅपटॉपमध्ये प्रत्येक कामाचा प्रोग्राम यंत्रात बसवावा लागतो आणि फायली त्याच यंत्राच्या डिस्कवर राहतात. क्रोमबुकात क्रोम ओएस ही गूगलची प्रणाली असते. तिची घोषणा २००९ मध्ये झाली आणि ती घेऊन आलेली पहिली यंत्रे २०११ मध्ये विक्रीस आली. तिचा गाभा लिनक्सचा आहे, पण वर दिसतो तो मुख्यतः ब्राउझर. काम ब्राउझरमध्ये करायचे आणि फायली गूगलच्या दूरच्या संगणकांवर ठेवायच्या. यंत्रावर भार कमी, म्हणून साधा प्रोसेसर आणि थोडी साठवण पुरते, आणि म्हणूनच किंमत व वजन कमी. आमचे नवे यंत्र त्याच काट्यावर चार्जरसकट दीड किलो भरले.

त्यातली एक युक्ती आम्हांला फार आवडली. या यंत्रात प्रणालीच्या दोन प्रती असतात. एका प्रतीवर आपण काम करत असतो तेव्हा नवी दुरुस्ती गुपचूप दुसऱ्या प्रतीत बसते, आणि पुढच्या वेळी यंत्र सुरू केले की ती दुसरी प्रत पुढे येते. "कृपया संगणक बंद करू नका" म्हणून अर्धा तास ताटकळणे नाही. शिवाय सुरू होताना यंत्र आपल्या प्रणालीची तपासणी करते. कोणी तिच्यात ढवळाढवळ केली असेल तर ते ओळखून चांगल्या प्रतीकडे वळते.

साधा, स्वस्त संगणक मुलांच्या हाती द्यावा ही कल्पना काही आजची नाही. २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातील खैरात या गावच्या शाळेत 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' या जागतिक उपक्रमाची हिरवी-पांढरी यंत्रे आली होती. २०११ मध्ये आपल्या सरकारने 'आकाश' टॅबलेट आणला. त्याचे पुढे काय झाले हे पालकांना आठवत असेल. तेव्हा स्वस्त यंत्र दिसले की हुरळून जाऊ नये, हेही आम्ही जाणतो.

आता अडचणी. आमचा जुना प्रिंटर या यंत्राने ओळखलाच नाही. कळफलकावर कॅप्सलॉक नाही, त्या जागी शोधाची कळ आहे. आठवडाभर बोट चुकत होते. इंटरनेट गेले तरी लिहिता येते, पण ती सोय आधी चालू करून ठेवावी लागते. आम्ही ठेवली नव्हती आणि ऐन सहामाहीच्या वेळापत्रकाच्या वेळी नेट गेले. वाणिज्य शाखेत जाऊन टॅली शिकायची असेल, चित्रांचे किंवा अभियांत्रिकी रेखाटनाचे जड प्रोग्राम लागणार असतील, तर हे यंत्र घेऊ नये. अकरावी-बारावीचे पायथन मात्र यावर चालते. २०१८ पासून क्रोमबुकात लिनक्सचे प्रोग्राम चालवण्याचीही सोय आहे.

घेताना एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाहावी. प्रत्येक क्रोमबुकाला दुरुस्ती कोणत्या तारखेपर्यंत मिळणार ते ठरलेले असते आणि ते यंत्राच्या सेटिंगमध्ये दिसते. २०२३ मध्ये गूगलने ही मुदत दहा वर्षांची केली. परंतु ती दहा वर्षे आपण बिल फाडल्यापासून मोजत नाहीत. त्या जातीचे यंत्र प्रथम बाजारात आले तेव्हापासून मोजतात. जुना माल स्वस्तात देणारा दुकानदार हे सांगेलच असे नाही. २०२५ मध्ये गूगलने क्रोम ओएस आणि अँड्रॉइड यांना एकत्र आणण्याचा मानसही जाहीर केला आहे, म्हणून तारीख पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.

आणि फायली दुसऱ्याच्या घरी ठेवायच्या म्हणजे काय, याचाही विचार व्हावा. बँकेच्या लॉकरसारखे आहे ते. किल्ली आपली, भिंती बँकेच्या. फरक इतकाच की येथे किल्ली म्हणजे पासवर्ड, आणि तो आमची मुले बाकावर लिहून ठेवतात! डेन्मार्कमधील हेल्सिंगोर (शेक्सपिअरच्या हॅम्लेटचे एल्सिनोर ते हेच) या नगरपालिकेच्या शाळांत क्रोमबुके होती. मुलांच्या माहितीच्या धोक्यांचा पुरेसा विचार केलेला नाही म्हणून २०२२ च्या जुलैत तेथील विदा संरक्षण अधिकाऱ्यांनी ती वापरण्यावर बंदी घातली. सप्टेंबरमध्ये ती स्थगित करून नगरपालिकेला सुधारणेस वेळ दिला. आपल्याकडच्या २०२३ च्या कायद्यात अठरा वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानले असून त्याची माहिती वापरण्यास पालकांची संमती मागितली आहे. शाळेने यंत्रे घेतली तर पालकांकडून संमतिपत्र घेताना ते वाचायला वेळ द्यावा, घाईने सही घेऊ नये, असे आम्ही मंडळाला लिहून दिले आहे.

हे सर्व झाले. पण खरी गोष्ट निराळीच निघाली.

आम्ही आमच्या सगळ्या फायली नव्या यंत्रातून उघडायला गेलो. २००३ पासूनची वार्तापत्रे, स्नेहसंमेलनांचे अहवाल, निवृत्त झालेल्या आणि दिवंगत झालेल्या शिक्षकांवर लिहिलेले लेख. उघडले तर पानभर इंग्रजी अक्षरांचा नुसता कचरा. क्षणभर पोटात गोळा आला.

कारण असे. आम्ही शिकलो हिंदी माध्यमात, टायपिंग शिकलो तेही हिंदीचे, आणि पुढे मराठीही कृतिदेव फाँटातच लिहीत आलो. या जुन्या फाँटांची गंमत अशी की त्यांत देवनागरी साठवलीच जात नाही. इंग्रजी 'डी' च्या जागी 'क' चे चित्र बसवलेले असते आणि 'के' च्या जागी काना. आपण 'का' लिहिले की संगणक मनात 'डी-के' लिहितो आणि त्यावर देवनागरीचा मुखवटा चढवतो. तो फाँट ज्या यंत्रात आहे तेथेच मुखवटा दिसतो. दुसऱ्या यंत्रात उघडा, मुखवटा गळून पडतो. युनिकोडमध्ये तसे नाही. तेथे 'क' ला स्वतःचा क्रमांक आहे, कान्याला स्वतःचा. जगातल्या कोणत्याही यंत्रावर 'क' हा 'क' च. देवनागरी १९९१ पासूनच युनिकोडमध्ये आहे. 'ॲप' मधला 'ॲ' मात्र २००८ मध्ये आला, बिचारा उशिरा दाखल झालेला विद्यार्थी.

म्हणजे आम्ही वीस वर्षे मराठी लिहीत होतो अशी आमची समजूत, आणि यंत्राच्या लेखी आम्ही मराठीचे एक अक्षरही लिहिलेले नव्हते. तो तुटका लॅपटॉप आम्ही सोडवत नव्हतो, त्याचे कारण वजन नव्हते, सवयही नव्हती. आमची सगळी मराठी त्या एका यंत्रात अडकून पडली होती, आणि ते यंत्र कोणत्याही दिवशी मान टाकणार होते. दुसरी प्रत कोठेही नव्हती. हा दोष आमचाच.

जुन्या फाँटातील मजकूर युनिकोडमध्ये करणारे प्रोग्राम मिळतात. पण ते काही जादू करत नाहीत. 'कि' लिहिताना जुन्या फाँटात ऱ्हस्व वेलांटी आधी आणि 'क' नंतर साठवतात, कारण चित्र डावीकडून काढायचे असते. युनिकोडात आधी 'क' आणि मग वेलांटी, जशी आपण उच्चारतो तशी. रफाराचे उलटे: जुन्या फाँटात तो अक्षरानंतर येतो, युनिकोडात त्यातला 'र' आधी. जोडाक्षर आले की ही अदलाबदल करताना प्रोग्राम गडबडतो.

सर्वांत जास्त छळले ते 'र्य' आणि 'ऱ्य' यांनी. हिंदीत हा भेद लागत नाही, मराठीत त्यावाचून चालत नाही. 'आचार्य' म्हणजे गुरू आणि 'आचारी' म्हणजे स्वयंपाकी. पण 'आचार्यांनी' आणि 'आचाऱ्यांनी' यांत फरक एवढ्याशा रेघेचा. रूपांतरानंतर २००६ च्या स्नेहसंमेलनाच्या अहवालात वाक्य निघाले: 'आचार्यांनी दोनशे पानांचा स्वयंपाक वेळेवर उरकला.' आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, खरे असते तर बरे झाले असते. 'दर्या' आणि 'दऱ्या', 'दुसर्या' आणि 'दुसऱ्या', अशा चुका डोळ्यांनीच वेचाव्या लागतात. विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या मोबाइलवरही 'दुसऱ्या' लिहिताना 'ऱ' ही वेगळी कळ शोधा, साधा 'र' वापरून भागवू नका.

त्या जुन्या लॅपटॉपला आम्ही मोडीत दिलेले नाही. फायली काढून झाल्या की त्याच्यात क्रोम ओएस फ्लेक्स घालणार आहोत. २०२२ पासून गूगल ही प्रणाली जुन्या लॅपटॉपसाठी फुकट देते. चार जीबी मेमरी आणि ६४ बिटचा प्रोसेसर असला की पेनड्राइव्हने बसवता येते. मात्र डिस्कवरचे सर्व पुसले जाते, आणि अँड्रॉइडची ॲप त्यावर चालत नाहीत. घरी असा लॅपटॉप पडून असेल तर नवा घेण्यापूर्वी हे करून पाहावे. पालकसभेतील त्या गृहस्थांनी हेच केले. मुलीच्या मामाचा जुना लॅपटॉप कामी आला, हप्ते बांधावे लागले नाहीत.

आमच्या अंकांपैकी २००३ ते २००९ पर्यंतचे रूपांतर पुरे झाले आहे, पण मुद्रितशोधन २००५ पर्यंतच झाले आहे. २००७ चा जून अंक आमच्याजवळ कोठेच नाही, ना फाइल, ना छापील प्रत. कोणा जुन्या कुटुंबाच्या माळ्यावर असेल तर कार्यालयात आणून द्यावा. मजकूर उतरवून घेऊन प्रत परत करू. आठवी-नववीचे विद्यार्थी दर शनिवारी मधल्या सुट्टीनंतर संगणक कक्षात मुद्रितशोधनाला बसतात. घरातल्या आजी-आजोबांपैकी ज्यांचे शुद्धलेखन पक्के आहे, त्यांनी चष्मा घेऊन यावे.