मॅरेथॉनचे आयोजन आणि स्वयंसेवकांची कर्तव्ये

दीर्घ पल्ल्याच्या शर्यतीत प्रेक्षकांचे लक्ष साहजिकच पहिल्या येणाऱ्या धावपटूकडे लागलेले असते. परंतु शर्यत भरविणाऱ्यांची खरी कसोटी सर्वांत शेवटी येणाऱ्या धावपटूपाशी लागते. तो सुखरूप पोहोचला तरच शर्यत यशस्वी झाली असे म्हणता येते. आदिलाबाद जिल्ह्याच्या पैनगंगाकाठच्या गावांतील तरुण मंडळे, शाळा आणि ग्रामपंचायती यांनी आपापल्या भागात मॅरेथॉन भरविण्याचे मनावर घेतल्यास तिची पूर्वतयारी कशी करावी, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

इतिहासातील धडे

आधुनिक मॅरेथॉनचा प्रारंभ १८९६ मध्ये अथेन्स येथील पहिल्या ऑलिंपिकपासून झाला. ४२.१९५ किलोमीटर हे अंतर १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये प्रथम धावले गेले आणि १९२१ मध्ये ते प्रमाण म्हणून स्वीकारण्यात आले.

या इतिहासात आयोजनाच्या दृष्टीने दोन प्रसंग अभ्यासनीय आहेत. १९०४ च्या सेंट लुईस ऑलिंपिकमधील मॅरेथॉन ऑगस्टच्या कडक उन्हात, कच्च्या रस्त्यावर घेण्यात आली. पाण्याची सोय अत्यंत अपुरी होती आणि सोबतच्या मोटारी धुळीचे लोट उडवीत होत्या. धावायला निघालेल्या ३२ जणांपैकी केवळ १४ जणांनी शर्यत पूर्ण केली. विल्यम गार्सिया हा धावपटू धुळीमुळे अंतर्गत रक्तस्राव होऊन रस्त्यावर कोसळला आणि थोडक्यात वाचला. १९०८ मध्ये लंडन येथे इटलीचा दोरांदो पिएत्री शेवटच्या टप्प्यात वारंवार कोसळला. अधिकाऱ्यांनी त्याला आधार देऊन रेषा ओलांडू दिली आणि त्या मदतीमुळेच तो बाद ठरला. रस्त्याच्या कडेला उभ्या असणाऱ्या माणसांनी काय करावे आणि काय करू नये, हे आधीच ठरलेले असणे किती अगत्याचे आहे, हे या दोन्ही प्रसंगांवरून दिसून येते.

आपल्याकडील परंपरा

मराठी मुलखाला ही शर्यत नवखी नाही. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या क्रीडास्पर्धांत अनवाणी धावणारे शेतकरी पाहून सर दोराबजी टाटा प्रभावित झाले आणि १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकसाठी भारतीय चमू पाठविण्यात त्यांनी पुढाकार घेतला. त्या चमूतील बेळगावचे फडेप्पा चौगुले यांनी ४२.७५ किलोमीटरची मॅरेथॉन २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत पूर्ण करून १९ वा क्रमांक मिळविला. पुणे आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ मध्ये आणि मुंबई मॅरेथॉन २००४ मध्ये सुरू झाली. सातारा जिल्ह्यातील मोही गावच्या ललिता बाबर आणि नाशिक जिल्ह्यातील आदिवासी पाड्यावरील कविता राऊत यांनी ग्रामीण भागातील मुली या क्षेत्रात कोठवर मजल मारू शकतात हे सिद्ध केले आहे.

स्थानिक मित्रमंडळाने उभारलेल्या शर्यतीचे ठळक उदाहरण म्हणजे सातारा येथील डोंगरी अर्धमॅरेथॉन होय. धावण्याची आवड असणाऱ्या सातारकरांनी २०१२ मध्ये तिचा आरंभ केला. शहरातून निघून यवतेश्वर घाटाने कासच्या दिशेने चढायचे आणि त्याच रस्त्याने परत उतरायचे, असा तिचा मार्ग आहे. जाण्यायेण्याचा रस्ता एकच असल्याने पाण्याचे प्रत्येक ठाणे व तेथील स्वयंसेवक दोन वेळा उपयोगी पडतात. मनुष्यबळ मर्यादित असलेल्या गावांनी ही युक्ती अवश्य ध्यानात ठेवावी.

दिवस आणि मार्ग यांची निवड

आदिलाबादचा उन्हाळा अत्यंत कडक असतो, तर हिवाळ्यात पहाटेचे तापमान कित्येकदा एक अंकी होते. त्यामुळे डिसेंबर व जानेवारी हे महिने शर्यतीस सर्वांत योग्य ठरतात. मात्र याच काळात कापसाने भरलेल्या गाड्या व ट्रॅक्टर बाजार समितीकडे जात असतात. म्हणून बाजाराच्या सुटीचा दिवस निवडून शर्यत सूर्योदयाच्या सुमारास सुरू करावी. पौष अमावास्येला केसलापूर येथे नागोबाची जत्रा भरते. त्या दिवसांत पोलीस, वाहने आणि लोक तिकडे गुंतलेले असतात. तेव्हा ते दिवस कटाक्षाने टाळावेत.

राष्ट्रीय महामार्ग क्र. ४४ वरून शर्यत नेऊ नये. जैनथ, बेला किंवा तामसी भागातील कमी रहदारीचे रस्ते अधिक सोयीचे आहेत. जिल्हा प्रशासन, पोलीस आणि ग्रामपंचायत यांच्या परवानग्या, तसेच रस्ता जंगलातून जात असल्यास वन विभागाची परवानगी आधीच घ्यावी. पहिल्या वर्षी पूर्ण मॅरेथॉनचा आग्रह न धरता ५, १० व २१ किलोमीटरच्या शर्यती घेणे श्रेयस्कर होय. पूर्ण मॅरेथॉनसाठी किमान वय १८ वर्षे ठेवण्याचा प्रघात आहे.

अंतराची मोजणी

अधिकृत शर्यतींचे अंतर सायकलच्या चाकाला गणकयंत्र लावून मोजतात आणि मार्ग कमी भरू नये म्हणून दर किलोमीटरला १ मीटर अधिक धरतात. शाळेतील विद्यार्थ्यांना गणिताचा पाठ म्हणून हे काम देता येईल. चाकाच्या कडेला रंगाची खूण करून त्याचा परीघ प्रत्यक्ष मोजावा. तो २.०७ मीटर भरल्यास १ किलोमीटरला सुमारे ४८३ फेरे होतात. धावपटू ज्या सर्वांत जवळच्या रेषेने वळण घेईल, त्याच रेषेने सायकल न्यावी.

पाण्याचे नियोजन

साधारणतः दर ५ किलोमीटरला पाण्याचे ठाणे असावे. समजा, ३०० धावपटू २१ किलोमीटर धावणार आहेत आणि वाटेत चार वेळा व शेवटी एकदा असे प्रत्येकाला २०० मिलिलिटर पाणी द्यावयाचे आहे. म्हणजे ३०० लिटर पाणी लागेल. त्याच्या निम्मे पाणी राखीव ठेवावे. राखीव पाण्यास पुढे आलेल्यांनी हात लावू नये, कारण ते मागून येणाऱ्यांसाठी असते.

पाणी पिण्याचा अतिआग्रहही घातक ठरतो. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी सुमारे १३ टक्के धावपटूंच्या रक्तातील सोडियमचे प्रमाण मुख्यतः अतिरिक्त द्रव प्यायल्यामुळे सामान्यपेक्षा घटलेले आढळले. तहान लागेल तेवढेच पाणी प्यावे, अशी सूचना प्रत्येक ठाण्यावर लिहावी.

प्राणरक्षणाची सिद्धता

थंडीच्या दिवसांतही धावपटूस उष्माघात होऊ शकतो. तो झोकांड्या खाऊ लागला, असंबद्ध बोलू लागला किंवा त्याला दिशेचे भान राहिले नाही, तर त्यास तत्काळ थांबवावे. तो नको म्हणाला तरी ऐकू नये. नियमांचा विचार अशा वेळी करावयाचा नसतो. त्याला सावलीत नेऊन अंगावर गार पाणी ओतावे, बर्फाच्या पाण्यात भिजविलेल्या चादरी गुंडाळाव्यात आणि वारा घालावा. १०८ क्रमांकावर दूरध्वनी करावा. परंतु वाहन येईपर्यंत अंग थंड करण्याचे थांबवू नये. माणूस निश्चेष्ट पडून त्याचा श्वास थांबला असेल, तर छातीच्या मध्यभागी मिनिटास १०० ते १२० या गतीने दाब देत राहावे. ही कृती शर्यतीपूर्वी प्राथमिक आरोग्य केंद्रातील वैद्यकीय अधिकाऱ्यांकडून प्रत्येक स्वयंसेवकाने हाताने करून शिकून घ्यावी.

आदिलाबादच्या या भागात मराठी, तेलुगू, गोंडी आणि उर्दू या चारही भाषा बोलल्या जातात. फलक मराठी व तेलुगूत असावेत आणि वैद्यकीय ठाण्यावर गोंडी जाणणारा एक तरी स्वयंसेवक असावा. भेदरलेल्या माणसाला आपल्या भाषेत विचारले तरच तो दुखणे नेमके सांगू शकतो. जेथे भ्रमणध्वनीला संपर्क मिळत नाही, तेथे निरोपासाठी दुचाकीस्वार नेमावा. प्रत्येक वळणावर दोघे असावेत: एकाने रहदारी आवरावी आणि दुसऱ्याने गेलेल्या धावपटूंचे क्रमांक टिपावेत.

शेवटचा धावपटू

धावपटूच्या छातीवरील क्रमांकाच्या मागील बाजूस त्याचे नाव, रक्तगट आणि घरच्यांचा दूरध्वनी क्रमांक लिहून घ्यावा. सर्वांत मागे एक सायकलस्वार व त्याच्यामागे एक वाहन असावे. त्यांनी शेवटच्या धावपटूस कधीही मागे टाकू नये. शर्यत सोडणाऱ्याने जवळच्या ठाण्यावर आपला क्रमांक नोंदविल्यावाचून घरी जाऊ नये, असा नियम आरंभीच सर्वांना समजावून सांगावा.

शर्यतीच्या अखेरीस साधा हिशेब करावयाचा असतो. निघालेल्यांची संख्या ही पोहोचलेल्यांची आणि वाटेत थांबलेल्यांची बेरीज असली पाहिजे. ३०० निघाले, २८७ पोहोचले आणि १२ थांबल्याची नोंद आहे, तर एक माणूस अद्याप रस्त्यावर कोठेतरी आहे. बक्षीस समारंभ, पाहुण्यांची भाषणे आणि हारतुरे हे सर्व त्या एकाचा ठावठिकाणा लागल्यानंतर करावे. मांडव रिकामा झाला तरी हा मेळ बसेपर्यंत एकाही स्वयंसेवकाने आपली जागा सोडता कामा नये.

मैलोगणती पायी चालत गोदावरीचे पाणी केसलापूरला आणणारे मेसराम कुळातील लोक आणि पंढरीच्या वाटेवरील दिंड्या यांना दीर्घ वाटचालीतील शिस्त व परस्परांची काळजी नव्याने शिकवावी लागत नाही. ती शिस्त या भूमीतीलच आहे. गावोगावच्या तरुणांनी तिला मोजमाप, पाणी आणि प्रथमोपचार यांच्या ज्ञानाची जोड दिल्यास आपल्या रस्त्यांवरही निर्धोक आणि आनंददायी शर्यत भरविणे सहज शक्य आहे.