पोराला ‘चिकटवू’ नका, शिकू द्या

दहावीत गुण कमी पडले की आपल्या नाशिकच्या द्वारका, काठे गल्ली, टाकळी रोड भागातल्या घरांत एक वाक्य हमखास ऐकू येतं, ‘आता याला कुठंतरी चिकटवा.’ मग ओळखीचा मिस्त्री गाठला जातो आणि पोरगं प्लाय वाहू लागतं. पालकहो, जीव तुटतो तो इथं. सुतारकाम वाईट म्हणून नव्हे; ते त्याला कुणी शिकवतच नाही म्हणून.

हे काम डोक्याचं आहे. पावसाळ्यात सागवानी दार फुगून चौकटीत अडकतं. कच्चा कारागीर रंधा घेऊन कड तासत सुटतो. दार मोकळं फिरतं, घरमालक खूश. उन्हाळ्यात लाकूड आकसलं की फट उघडी पडते. जाणता मिस्त्री आधी बिजागऱ्यांचे स्क्रू बघतो, कडेला खडू लावून दार नेमकं कुठं घासतंय ते हुडकतो आणि तेवढंच तासतो. हा अंदाज त्याच्या शेजारी उभं राहूनच येतो. पण पोराच्या हातात कधीतरी रंधा तर पडायला हवा!

तेव्हा आधी चौकशी करा. आयटीआयचा लाकूडकामाचा अभ्यासक्रम वर्षभराचा आहे, आठवी पास झालेल्यालाही चालतो. सातपूरच्या आयटीआयमध्ये जाऊन यंदा जागा कुठं आहेत ते विचारा. मुलगी शिकायचं म्हणाली तर तिच्यासाठीही विचारा. पुढं 1961च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली जागा मिळाली तर लेखी करार होतो, विद्यावेतन मिळतं, आणि मूल अल्पवयीन असेल तर करारावर पालकाची सही लागते. ती सही वाचून करा.

घरोघरी काम करणारे बहुतेक मिस्त्री दोन-तीन माणसांचे. ते या कायद्यात बसत नाहीत. तिथं बोलणी तुम्हीच करायची. पैसे किती, सुट्टी कधी, काय काय शिकवणार, लागलं-कापलं तर दवाखाना कोण बघणार, हे कागदावर घ्या. कटर मशीनचं पातं उघडं ठेवून काम चालत असेल, तर मिस्त्री कितीही जवळचा असो, तिथून पोराला घेऊन निघा.

आणि रात्री जेवताना ‘आज काय शिकलास?’ एवढं विचारा. ‘सामान उचललं’ हेच उत्तर महिनोन्महिने येत राहिलं, तर मिस्त्री बदला.